नीटच्या आधी दवाखान्यात
मध्य प्रदेशातल्या धार-देवासच्या मराठी घरांत डॉक्टर व्हायचं म्हटलं की बोलणं थेट नीट या प्रवेश परीक्षेवर येतं. १८० प्रश्न, ७२० गुण. रुग्णसेवेच्या अनुभवाला त्यात एकही गुण नाही. ब्रिटनमधली वैद्यकीय महाविद्यालयं मात्र अर्जदाराने आजारी माणसं जवळून पाहिली आहेत का, हे मुलाखतीत विचारतात. मला ते रास्त वाटतं.

आपल्या मुलांनीही नीटच्या आधी आजारी माणसं अशी जवळून पाहावीत. उदाहरणार्थ, धारच्या आदिवासी भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी चालते. बोटातलं थेंबभर रक्त द्रावणात मिसळतात. द्रावण गढूळ होऊन नळीमागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर पुढची तपासणी लागते, कारण नुसता वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे या चाचणीत कळत नाही. रडणाऱ्या लेकराच्या आईला हे कुणी भिली बोलीत समजावताना ऐकलं, की डॉक्टरला बोलताही यावं लागतं हे पटतं.

जिल्हा रुग्णालयात जायचं तर आधी सिव्हिल सर्जनना लेखी अर्ज द्या. परवानगी मिळाली तर केसपेपरच्या रांगेत म्हाताऱ्यांना मदत करा. सुईला, जखमेला हात लावायचा नाही. रुग्णाचं नाव घरीही सांगायचं नाही, आणि फोटो तर मुळीच काढायचा नाही.