फिक्स्ड ब्लेड चाकू : रानात कशासाठी आणि कसा

आज चाकूबद्दल बोलायचंय. बिबट्याशी झुंज वगैरे सिनेमातलं काही नाही हं, आधीच सांगतो. कॅम्पवरचा चाकू दोर कापतो, कांदा चिरतो, बांबूची खुंटी तासतो आणि ओल्या लाकडातून कोरडं लाकूड काढून देतो. बहुतेक वेळा एवढंच.

फिक्स्ड ब्लेड म्हणजे न मिटणारा चाकू. मिटणारा खिशात मावतो, मग हा कशाला? तर मिटणाऱ्या चाकूला बिजागरी असते, आणि जोर लावला की सगळा ताण त्या एका खिळीवर येतो. लॉक सुटलं तर पातं मिटतं, आणि ते मिटतं त्या जागी तुमची बोटं असतात. फिक्स्ड ब्लेडमध्ये तो सांधाच नसतो. पात्याचं पोलाद मुठीत गेलेलं असतं. ते मुठीच्या टोकापर्यंत आणि पूर्ण रुंदीचं असेल तर त्याला ‘फुल टँग’ म्हणतात. इंटरनेटवर याचा फार गाजावाजा आहे. स्वीडनमधल्या मोरा गावचे प्रसिद्ध चाकू बघा. त्यांच्या साध्या मॉडेलांत मुठीत जाणारी पट्टी अरुंद असते, पातं जेमतेम दहा सेंटिमीटरचं, तरी तिकडचे सुतार आणि रानात राहणारे लोक पिढ्यान् पिढ्या ते वापरताहेत. कारण ते चाकूकडून चाकूचंच काम करून घेतात. ओंडका फोडायला कुऱ्हाड असते.

आपल्याकडे ते काम कोयता करतो. कोकणातला शेतकरी कमरेला आकडी बांधतो, तिच्यात कोयता अडकवतो आणि दिवसभर रानात फिरतो. ही आपली बुशक्राफ्टच आहे, फक्त तिचे व्हिडिओ कुणी काढले नाहीत. कोयत्याचं वजन पुढे असतं, त्यामुळे तो घाव घालायला चांगला. पण कोयत्याने टोमॅटो चिरून बघा! बारीक कामाला छोटा चाकूच लागतो.

आता वापर. इथे जरा थांबून ऐका.

चाकू बाहेर काढण्याआधी हात लांब करून स्वतःभोवती एक गोल फिरवा. त्या टप्प्यात कुणी असेल तर काम सुरू करायचं नाही. मग बसायचं कसं? बहुतेक जण लाकूड मांडीवर धरतात आणि दोन मांड्यांच्या मध्ये तासायला लागतात. हे सगळ्यात वाईट. मांडीच्या आतल्या बाजूने शरीरातली एक मोठी रक्तवाहिनी जाते. ती कापली गेली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो, आणि तुम्ही असता गाडीरस्त्यापासून दोन-तीन तासांच्या चालीवर. म्हणून कोपरं गुडघ्यांवर टेकवा, पुढे वाका आणि काम गुडघ्यांच्या पलीकडे करा. नाहीतर सरळ एका बाजूला वळून, मांडीच्या बाहेर. पातं सटकलं तर कुठे जाईल, हे दर घावाआधी बघायचं.

धार बोथट असेल तर जोर जास्त लागतो, आणि जास्त जोराने सटकलेलं पातं लांब जातं. म्हणून धारदार चाकू तुलनेनं सुरक्षित. मोरासारख्या चाकूंना दोन्ही बाजूंनी एकेकच रुंद सपाट उतार असतो. तो उतार पूर्ण दगडावर टेकवायचा आणि घासायचं; कोन आपोआप मिळतो. एका बाजूने घासताना दुसऱ्या बाजूला बोटाला हलकी खरखर लागली, की बाजू बदला. बोट धारेवरून आडवं न्यायचं, धारेच्या लांबीने कधीच नाही. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर, धार मागे ठेवून, दहा-वीस वेळा ओढा.

पावसाळ्यात फांदी बाहेरून भिजलेली असली, तरी मेलेल्या उभ्या लाकडाचा गाभा पुष्कळदा कोरडा असतो. फांदी उभी चिरायची, गाभ्यावर पातं जवळजवळ आडवं ठेवून पातळ साल काढत न्यायची, पण तोडायची नाही. टोकाला कुरळ्या पापुद्र्यांचा झुपका तयार होतो. तो काडीने पेटतो. घाई केली की पापुद्रे जाड होतात आणि काड्यांची पेटी संपते.

सह्याद्रीच्या पावसात कार्बन स्टीलचं पातं रातोरात तांबूस होतं. स्टेनलेस घ्या, कटकट कमी. कार्बनच आवडत असेल तर पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवा. चामड्याच्या म्यानात चाकू ठेवून घरी विसरू नका, चामडं ओल धरून ठेवतं.

आणि हा चाकू दुसऱ्याला द्यायचा असेल तर हातात देऊ नका, खाली ठेवा, त्याला उचलू दे. आपली आजी सांगायची ना, चाकू हातात दिला की भांडण होतं. कारण काहीही सांगा, सवय चांगली आहे.

(प्रश्न : गडावर चाकू नेलेला चालतो का?)

चांगला प्रश्न. आर्म्स ॲक्टखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या वर्गात येतात. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. दहा सेंटिमीटरचा चाकू त्या मापात बसत नाही. पण अभयारण्याची गोष्ट वेगळी. हरिश्चंद्रगड, कळसूबाई, भीमाशंकर हे सगळं अभयारण्यात आहे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत चाकूही आहे, आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जायला मनाई आहे. तिथे झाड तोडणं आणि आग लावणं हेही गुन्हेच. शिवाय पोलिसांचे जमावबंदीचे आदेश असतात, त्यातही चाकू येऊ शकतो. म्हणून वनखात्याच्या नाक्यावर आधी विचारा. चाकू कमरेला लटकवून एसटीत चढू नका, म्यानात घालून सॅकच्या तळाशी ठेवा. विमानाने जाणार असाल तर चेक-इन सामानात. आणि सराव करायचाच असेल तर ओळखीच्या शेतावर, मालकाला विचारून, वाळलेल्या बांबूवर करा. फक्त बांबू चिरताना दुसऱ्या हातात जाड मोजा घाला, त्याची कडही पात्यासारखीच कापते.