हळदीवरील करपा : रोगाचा काळ आणि उपायाचा काळ



नायगावाहून नांदेडमार्गें अर्धापूर-वसमतच्या वाटेला श्रावणांत निघावें, तर हळदीचे हिरवेगार मळे डोळे निववितात. त्याच वाटेनें कार्तिकांत पुन्हा जावें, तर कांहीं मळ्यांतील पानें आगीची झळ लागल्यासारखीं करपलेलीं दिसतात. "दिवाळींत रोग पडला," असें शेतकरी म्हणतो. मला आज सांगावयाचें आहे तें इतकेंच कीं, रोग दिवाळींत पडत नाहीं. तेव्हां तो केवळ डोळ्यांत भरतो.

हळदीच्या पानांवर दोन निराळ्या बुरशी येतात. पहिली कोलेटोट्रायकम. हिचे लांबट तपकिरी, मध्यभागीं राखी रंगाचे डाग बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरांत उमटतात. दुसरी टॅफ्रिना, हिला १९११ सालीं बटलर ह्या शास्त्रज्ञानें नांव दिलें. हिचे बारीक, तांबूस-पिवळे असंख्य ठिपके ऑक्टोबर-नोव्हेंबरांत पानभर पसरतात. पहिलीचें बीज बेण्याच्या सालपटांवर टिकतें, दुसरीचें शेतांत पडलेल्या वाळक्या पाल्यांत. पावसाची झड लागली, पान तासन् तास ओलें राहिलें, म्हणजे तें बीज रुजून पानांत शिरतें. शिरल्यापासून डाग दिसेपर्यंत कांहीं दिवस जातात, आणि त्या डागांतून नवें बीज सुटून शेजारचें पान धरतें.

पाइन वृक्षांचीही हीच कथा. न्यूझीलंडांत १९६४ सालीं आढळलेली डोथिस्ट्रोमा ही बुरशी ओल्या हवेंत सुईसारख्या पानांत शिरते. तांबडे पट्टे मात्र कित्येक आठवड्यांनीं उमटतात. म्हणून तेथेंही तांब्याचें औषध रोग बळावण्यापूर्वीं फवारतात.

कारण उघड आहे. हें औषध पानाच्या पृष्ठभागीं पहारा करतें. आंत शिरलेल्या चोरास तें बाहेर काढीत नाहीं. करपलेल्या पानावर फवारा मारणें म्हणजे पैसा मातींत घालणें होय. आणि पान गेलें कीं कंद पोसावयाचा कोणीं?

तेव्हां उपायाचा आरंभ लागवडीपूर्वींच करावा. बेणें निरोगी मळ्यांतील घ्यावें; मागील पिकाचा पाला वेंचून जाळावा. ऑगस्ट लागतांच, डागांची वाट न पाहतां, एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावें व पंधरा दिवसांच्या अंतरानें पुन्हा द्यावें. १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यांत आणि १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटरांत निरनिराळा कालवून मग दोन्ही एकत्र करावे; भांडें लोखंडाचें नसावें. चकचकीत लोखंडी सुरी मिश्रणांत बुडवून पाहावी. तिच्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला असें समजून आणखी घालावा. मिश्रण त्याच दिवशीं वापरावें.

शेतकरी पेरणीचा मुहूर्त चुकवीत नाहीं. पहिल्या फवाऱ्याचा मुहूर्तही त्यानें तितक्याच काळजीनें सांभाळावा, म्हणजे कार्तिकांतही मळा हिरवा राहील.