विकोसचा ठराव, पिसाकचे बियाणे

परदेशी स्वयंसेवक आणि आदिवासी शेतकरी यांच्या संबंधांचा अभ्यास करू पाहणाऱ्याला पेरू देशातील विकोस या गावाचा इतिहास टाळता येत नाही. अँडीज पर्वतातील कोर्डिलेरा ब्लांका या हिमाच्छादित रांगेच्या पायथ्याशी वसलेले विकोस ही दीर्घकाळ एक ‘हासिएंडा’, म्हणजे जमीनदारी वसाहत होती आणि तेथील केचुआ भाषक कुटुंबांना स्वतःच्या पोटापुरत्या तुकड्याच्या मोबदल्यात आठवड्यातील तीन दिवस जमीन कसायला घेणाऱ्या धन्याकडे राबावे लागत असे. १९५२ साली अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठाने मानववंशशास्त्रज्ञ ॲलन होमबर्ग यांच्या पुढाकाराने ही वसाहत भाडेपट्ट्याने घेतली, वेठबिगार क्रमाक्रमाने बंद केली, बटाट्याच्या लागवडीत सुधारणा घडवल्या, आणि १९६२ मध्ये गावकऱ्यांनी ती जमीन स्वतः विकत घेतली.

त्याच सुमारास, १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकी ‘पीस कोअर’चे तरुण स्वयंसेवक तेथे पोहोचले, पुढे १९६४ साली गावाने मतदान करून त्यांना निघून जाण्यास सांगितले आणि लगेचच त्यांच्यापैकी काहींना परत बोलावले. या घटनेला कृतघ्नता म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण पिढ्यान्‌पिढ्या धन्याच्या इच्छेने चाललेल्या समाजाने येथे मदत नाकारली नव्हती, तर मदत कोणाकडून घ्यायची हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे ठेवला होता. विचारवंत इव्हान इलिच यांनी १९६८ मध्ये मेक्सिकोतील भाषणात अमेरिकी विद्यार्थी स्वयंसेवकांच्या सद्हेतूंवर कठोर टीका केली. परंतु त्या टीकेतील मर्म विकोसच्या शेतकऱ्यांनी चार वर्षे आधीच कृतीतून मांडले होते.

दक्षिणेकडे, कुस्को विभागातील पिसाकजवळ, केचुआ गावांनी एकत्र येऊन उभारलेला ‘पार्के दे ला पापा’ म्हणजे बटाटा उद्यान हा या अधिकाराचा अधिक विकसित नमुना होय. लिमा येथील आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने २००४ साली या गावांशी करार करून पूर्वी संकलित केलेले वाण रोगमुक्त करून परत देण्यास सुरुवात केली, आणि अशा रीतीने ४०० हून अधिक वाण आपल्या मूळ शेतात आले. २०१५ मध्ये गावांनी स्वतःहून बटाट्याचे बी नॉर्वेतील स्वालबार्ड बीजकोठारात ठेवले. संशोधन संस्था येथे येते ती कराराने. तापमान वाढल्यामुळे कीड आणि करपा यांपासून बचावासाठी लागवड डोंगरावर अधिकाधिक उंच सरकत असल्याने शेकडो वाणांचे हे वैविध्य तेथील कुटुंबांसाठी जगण्याचा आधार आहे.

अशा ठिकाणी स्वयंसेवकाने येऊन करावयाचे काम मुळात ‘आइनी’ या प्रथेत बसते. आइनी म्हणजे आज शेजाऱ्याच्या शेतात केलेल्या श्रमाची उद्या श्रमानेच होणारी परतफेड. काही आठवड्यांनी निघून जाणारा पाहुणा ही परतफेड घेऊही शकत नाही आणि पुरती करूही शकत नाही, ही त्याची खरी अडचण आहे. त्यातच युरोप-अमेरिकेतील उन्हाळी सुट्टी जून ते ऑगस्टमध्ये येते, तेव्हा मुख्य काढणी उरकत आलेली असते आणि रात्रीच्या हिवाळी गारठ्यात बटाटे गोठवून, पायाने तुडवून, उन्हात वाळवून वर्षानुवर्षे टिकणारा ‘चुन्यो’ तयार होत असतो; पेरणी, बियाण्याची निवड आणि ‘चाकिताक्ल्या’ या पायाने दाबायच्या नांगराने जमीन उकरण्याचे काम सुट्टीतल्या पाहुण्याच्या नजरेला पडत नाही. म्हणून बियाण्याबद्दल शिकवू पाहणाऱ्याने निदान एक पूर्ण हंगाम शिकाऊ म्हणून काढला नसेल, तर त्याचा सल्ला गावाला स्वीकारावासा वाटणे कठीण आहे.

आदिवासी समाजांच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १६९ वा करार १९८९ मध्ये झाला, पेरूने तो १९९४ मध्ये मान्य केला, आणि या समाजांशी सल्लामसलत करण्याचे बंधन त्यात सरकारांवर घातले आहे. त्याच न्यायाने महाराष्ट्रातून अशा कामासाठी निघणाऱ्या तरुणांनी प्रवासाची तयारी करण्यापूर्वी गावसभेची संमती मागावी, थोडी केचुआ शिकावी, ऑक्टोबरच्या पेरणीपासून मे महिन्याच्या काढणीपर्यंतचा काळ मोकळा ठेवावा, आणि सभेने नकार दिल्यास तो तक्रार न करता मान्य करावा.