ज्वरमुक्तीनंतरचे हृदय

सन २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर सेहेचाळीस वर्षांचे एक शिक्षक चिकित्सालयात आले. कोरोना घरच्या घरीच बरा झाला होता. ज्वर चार दिवसांत उतरला होता. जिना चढताना धाप लागते, एवढीच तक्रार. प्रस्तुत लेखकाने ते ज्वरोत्तर दौर्बल्य समजून रसायनकल्प दिला. पंधरा दिवसांनी ते परत आले तेव्हा पायांवर शोथ होता व रात्री दोन उशांशिवाय झोप लागत नव्हती. इको तपासणीत हृदयाची आकुंचनशक्ती बरीच घटलेली आढळली. ते पंधरा दिवस आजही मनाला सलतात; म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्वर सौम्य म्हणून उपद्रवही सौम्य, हे गृहीतक घातक आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात अमेरिकेतील माजी सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कोरोना होऊन गेलेल्या सुमारे १ लाख ५४ हजार जणांचा वर्षभर मागोवा घेतला आहे. संसर्ग न झालेल्यांच्या तुलनेत हृदय निकामी होण्याचा धोका ७२ टक्के, हृदयविकाराच्या झटक्याचा ६३ टक्के व पक्षाघाताचा ५२ टक्के अधिक आढळला. रुग्णालयात दाखल न झालेल्यांतही तो वाढलेला होता, मात्र कमी प्रमाणात. हे बहुतांशी गोरे पुरुष होते व संसर्ग लसीकरणापूर्वीच्या काळातला होता. त्यामुळे आकडे आपल्या रुग्णांस जसेच्या तसे लावू नयेत. दिशा मात्र दुर्लक्षिण्याजोगी नाही.

चरकाचार्यांनी हृदयाची गणना त्रिमर्मांत केली आहे आणि ज्वरमुक्ताने बल येईपर्यंत व्यायाम, व्यवाय, स्नान व चंक्रमण वर्ज्य करावे असे सांगितले आहे. परीक्षेसाठी हे आपण सर्वांनीच पाठ केले. रुग्णास किती जण सांगतो? हृत्स्नायूस शोथ आलेल्या खेळाडूंना आधुनिक वैद्यकही काही काळ श्रम वर्ज्य सांगते.

नाडीपरीक्षण तर आपल्या हातचेच. रुग्ण आडवा असताना नाडी मोजावी, मग उभे करून दहा मिनिटांपर्यंत पाहावी. रक्तदाब न घसरता गती मिनिटाला ३० ठोक्यांनी वा अधिक वाढून तशीच राहिली, तर तिच्या नियंत्रणात बिघाड संभवतो. छातीत वेदना, मूर्च्छा, पायांवर शोथ वा आडवे पडता श्वास कोंडणे असल्यास ईसीजी व इकोसाठी त्याच दिवशी पाठवावे.

औषधालयांच्या चालकांसही एक विनंती. यष्टिमधुयुक्त काढे दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटते व हृद्गती बिघडू शकते. मूत्रल गोळ्या चालू असणाऱ्यास धोका अधिक. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यास लसूण वा गुग्गुळाचे कल्प वैद्यांना विचारल्याविना देऊ नयेत.

ते शिक्षक हृदयरोगतज्ज्ञांच्या गोळ्या नियमित घेतात. त्यांच्या संमतीने अर्जुनक्षीरपाकही चालू आहे. शाळेने त्यांचा वर्ग तळमजल्यावर आणला आहे.