आरेखन रूपांतर, संगणकीय

संगणकावर अचूक मापांनी काढलेले अभियांत्रिकीय किंवा भूमापनविषयक आरेखन साध्या आकृती काढण्याच्या आज्ञावलीत नेण्याची क्रिया. पहिल्या प्रकारातील ऑटोकॅड ही आज्ञावली १९८२ मध्ये, तर दुसऱ्या प्रकारातील व्हिजिओ ही १९९२ मध्ये प्रचारात आली. ऑटोकॅडमधील आरेखन सामान्यतः डीडब्ल्यूजी या स्वरूपात साठवितात. अन्य आज्ञावलींशी देवघेव करण्यासाठी डीएक्सएफ हे स्वरूप वापरतात. अशा रूपांतराची गरज सार्वजनिक कामांतही भासते. उदा., जुलै २०२२ मध्ये कुरुंदा (ता. वसमत, जि. हिंगोली) येथे पूर आला होता. अशा गावातील नाले, रस्ते व उंचवट्याच्या जागा सर्वांना समजेल अशा आकृतीत दाखवावयाच्या, तर मूळ मापन-आरेखनावरूनच ती तयार करणे सोयीचे असते.

रूपांतरातील बहुतेक दोष दोन्ही आज्ञावलींच्या भिन्न भूमिकांतून उद्भवतात. आरेखनात वस्तू तिच्या प्रत्यक्ष मापाने काढतात व प्रमाण छपाईच्या वेळी ठरवितात. आकृतीच्या आज्ञावलीत मात्र प्रारंभ कागदाच्या आकारापासून होतो.

एकके : आरेखनात केवळ संख्या साठविलेल्या असतात, एकक स्वतंत्रपणे नोंदवावे लागते व ही नोंद पुष्कळदा राहून जाते. ३३ फूट बाजूच्या चौरसाचे क्षेत्रफळ १,०८९ चौ. फूट, म्हणजे एक गुंठा असते. हेच आरेखन मीटरमध्ये आहे असे समजून उघडल्यास क्षेत्रफळ १,०८९ चौ. मी., म्हणजे सु. १०·७६ गुंठे भरते. आकार मात्र तसाच दिसत असल्याने चूक डोळ्यांना जाणवत नाही.

सहनिर्देशक : सार्वत्रिक तिर्यक् मर्केटर प्रक्षेपणात कुरुंदा ४३ व्या उत्तर पट्ट्यात येते. तेथील बिंदूंचे पूर्व सहनिर्देशक सात लाख मी.पेक्षा व उत्तर सहनिर्देशक एकवीस लाख मी.पेक्षा अधिक असतात. त्यामुळे आकृती कागदाच्या कक्षेबाहेर पडून पृष्ठ कोरे दिसू शकते. आरेखनाची प्रत घेऊन ती सोयीस्कर आदिबिंदूजवळ सरकविणे व हे अंतर नोंदवून ठेवणे, हा त्यावरील उपाय होय.

अक्षरे व जोडलेली आरेखने : जुन्या मराठी टंकांत देवनागरी चिन्हांना रोमन अक्षरांचे संकेतांक दिलेले असतात. तो टंक दुसऱ्या संगणकावर नसल्यास गट क्रमांक व नावे यांऐवजी निरर्थक अक्षरे उमटतात. म्हणून मजकूर आधीच युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. बाहेरून जोडलेल्या आरेखनाचा मूळ संचिकेत केवळ पत्ता असतो. ते आरेखन आधी मूळ संचिकेत समाविष्ट न केल्यास तो भाग गळतो.

सर्व रेषांचे रूपांतर करणे क्वचितच आवश्यक असते. छायारेखनातील असंख्य बारीक रेषा सुट्या झाल्यास संचिका जड होते. त्यामुळे आरेखन पार्श्वभूमी म्हणून ठेवून आवश्यक तेवढेच स्तर रूपांतरित करणे श्रेयस्कर ठरते. शेवटी ज्ञात लांबीच्या, परस्परांना लंब असलेल्या दोन रेषा व एक क्षेत्रफळ मोजून पडताळा घ्यावा. पडताळ्यानंतरही अशी आकृती केवळ समजुतीसाठी वापरावी. हद्द ठरविताना मूळ मोजणीच प्रमाण मानावी लागते.