गुपितावर बंदी

वेळणेश्वर हे कुलदैवत असलेली घराणी आज पुण्या-मुंबईत आणि पार परदेशात पांगली आहेत. महाशिवरात्रीला अभिषेक कोणाकडे सांगायचा, मुक्कामाची सोय कुठे, ही चौकशी आता व्हॉट्सॲपवर होते आणि २०१६ पासून तीसुद्धा कुलूपबंद असते. मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनमध्येच त्याला कुलूप लागतं, किल्ली फक्त घेणाऱ्याच्या फोनमध्ये. मधल्या कंपनीलाही तो वाचता येत नाही. अतिरेक्यालाही हेच कुलूप मिळतं, ही सरकारची तक्रार.

तक्रार खोटी नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. अफवा मोबाइलवरून पसरली होती. अशा घटनांनंतर 'पहिला मेसेज कोणाचा, ते सांगा' ही मागणी जोर धरू लागली आणि केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांत उतरली. त्याविरुद्ध व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. कुलूप मोडायला लावलंत तर भारतातून गाशा गुंडाळू, असं त्यांच्या वकिलाने एप्रिल २०२४ मध्ये सांगितलं. पण मला वाटतं, राईनपाड्याचं उदाहरण इथे लागूच पडत नाही. ती अफवा गुप्त कुठे होती? ती हातोहात फिरत होती. ज्याच्या फोनवर आली, त्याला ती वाचता येत होती.

राईनपाड्याच्याही आधी, सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्राने एका धोरणाचा मसुदा काढला होता. नागरिकांनी आपले सांकेतिक संदेश साध्या रूपात ९० दिवस जपून ठेवावेत, मागितल्यावर दाखवावेत! एवढी ओरड झाली की २२ सप्टेंबरला तो मागे घ्यावा लागला.

बंदीचं काय होतं, हे मुंबईने १९४२ मध्येच पाहिलंय. महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने हौशी बिनतारीवाल्यांचे परवाने रद्द केले. तरी 'चले जाव'ची घोषणा होऊन महिनाही उलटला नसेल, तोच ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी पोलिसांना हुलकावणी देत जागा बदलत राहिले. १२ नोव्हेंबरला छापा पडला, तोही आतल्याच एका तंत्रज्ञाने जागा सांगितल्यामुळे. पोलिसांना परवान्यांच्या आदेशाचा काडीचा उपयोग झाला नाही. फुटलेला माणूस उपयोगी पडला.

शिवाय रेडिओचं यंत्र जप्त तरी करता येतं. इथे जप्त करायचं आहे ते कुलपामागचं गणित, आणि ते १९७० च्या दशकातच छापून आलंय. फिल झिमरमनच्या 'पीजीपी' या मेसेजला कुलूप लावणाऱ्या प्रोग्रॅमच्या वेळी अमेरिकेत अशा सांकेतिक प्रणालीची निर्यात शस्त्रांच्या नियमांखाली येत असे. मग १९९५ मध्ये एमआयटी प्रेसने त्याचा सगळा कोड चक्क पुस्तक म्हणून छापला. पुस्तक कोण अडवणार?

मेसेज आहे हेच कळू द्यायचं नसेल, तर तो चित्रात लपवता येतो. रोज सकाळी येणाऱ्या 'सुप्रभात'च्या गुलाबात प्रत्येक ठिपक्याचा रंग आकड्यांत साठवलेला असतो. शेवटचा आकडा एकने हलवला तर डोळ्याला फरक दिसत नाही, पण आत आख्खं पत्र मावतं. आता देशातले सगळे गुलाब तपासायचे कोणी?

मे २०२३ मध्ये केंद्राने जम्मू-काश्मीरमधल्या दहशतवाद्यांच्या वापराचं कारण देऊन १४ ॲप्सवर बंदी घातली. त्यांत 'ब्रायर' होतं. ते इंटरनेट बंद असतानाही जवळच्या फोनशी ब्लूटूथवरून बोलतं आणि त्याचा कोड कोणालाही उतरवून घेता येतो. ज्याला कायदा मोडायचाच आहे, तो ते मिळवतोच. बंदी पाळतो तो अभिषेकाची चौकशी करणारा.