घुरघुरतंय म्हणजे बरंच आहे?

‘मांजर आजारी पडलं की ओरडतं, निपचित पडतं, म्हणजे कळतंच,’ हा समज सर्वांत घातक, कारण तोवर बराच उशीर झालेला असतो. मांजर शिकारी असलं तरी मोठ्या प्राण्यांचं भक्ष्यही असतं, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. ते तक्रार करत नाही, त्याच्या सवयी बदलतात. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात साधारण दोन-तृतीयांश कार्यक्षमता जाईपर्यंत बाहेरून फारसं काही दिसत नाही. मग मांजर जास्त पाणी पिऊ लागतं, लिटरमधले (शौचपेटीतल्या वाळूतले) ओले गोळे मोठे होतात, आणि घरचे म्हणतात, ‘छान पाणी पितंय!’ घुरघुरण्याचंही तसंच. मांजर सुखात घुरघुरतं, तसं वेदनेतही घुरघुरतं. नाक कोरडं किंवा अंग गरम लागलं म्हणजे ताप, हेही खरं नाही. त्याचं तापमान मुळातच सुमारे १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, त्यामुळे आपल्या हाताला ते नेहमीच कोमट लागणार. थर्मामीटरशिवाय ताप ठरवू नये.

बोक्याच्या बाबतीतली एक चूक तर जिवावर बेतते. तो पुन्हापुन्हा लिटरमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, थेंबभर लघवी होते किंवा तीही नाही, मग तो सारखा खालची जागा चाटत राहतो. ‘पोट साफ होत नाहीये’ म्हणून घरगुती उपाय सुरू होतात. प्रत्यक्षात मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. अशा वेळी रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय बंद पडतं. दोन-तीन दिवसांत बोका दगावतो. इथे सकाळची वाट बघायची नाही. आणि माणसांची पॅरासिटामॉल तर मुळीच द्यायची नाही. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही, थोडीशीही विषारी ठरते.

कुणी म्हणेल, मांजर लहरीच असतं, एखादं जेवण टाळलं तर लगेच दवाखाना गाठायचा का? एका जेवणासाठी नाही. पण पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही, तर रुसवा समजून सोडू नये: उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचू लागते. ‘म्हातारं झालंय, म्हणून कपाटावर उडी मारत नाही,’ हेही तपासून घ्यावं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांपुढच्या शंभर मांजरांपैकी नव्वदांच्या एक्स-रेमध्ये सांध्यांची झीज आढळली होती. तिच्या वेदनेवर उपचार आहेत. घरच्या घरी दर महिन्याला वजन करावं आणि गाढ झोपेत मिनिटभर श्वास मोजावेत. ते सतत तीसच्या वर जात असतील तर डॉक्टरांना दाखवावं. तोंड उघडं ठेवून धापा टाकत असेल तर तत्काळ.